गेलेल्या दोस्ताच्या वाटेनं चालायचं कसं

माझा दोस्त वडगावात माग चालवायचा आणि मी उद्यमबागेत लेथवर. आठवडाभर दोघांच्याही कानांत यंत्राची घरघर, त्यामुळं सुट्टी मिळाली की डोंगर. पंचवीसेक वर्षं आम्ही असे हिंडलो. राजहंसगड, देवरवाडीचा वैजनाथ, महिपाळगड, काळानंदीगड, संकेश्वरजवळचा वल्लभगड, कणकुंबीकडचं रान. बेळगाव कर्नाटकात आणि शिनोळी लागली की महाराष्ट्र, खरं डोंगर चढताना हे आमच्या डोक्यातसुद्धा यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात, पहाटे, घरातच त्याचं हृदय थांबलं. एक्कावन्न वर्षांचा होता.

त्याचं नाव इथं लिहीत नाही. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "नाव नको भावोजी, बाकी सगळं लिहा." म्हणून बाकी सगळं लिहितोय. ज्यांचा असा डोंगरातला सोबती गेलाय, त्याच्यासाठी काहीतरी करावं असं ज्यांना वाटतं आणि काय करावं ते सुचत नाही, त्यांना उपयोगी पडेल म्हणून.

आधी आमचं काय चुकलं ते सांगतो. तो गेल्यावर दोन महिन्यांनी, ऐन श्रावणात, आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका धबधब्यावर 'स्मृती मोहीम' काढली. चाळीस माणसं, त्याच्या फोटोचं बॅनर, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट. निम्म्या पोरांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. शेवाळलेल्या दगडावरून एकाचा पाय सटकला, घोटा मोडला, आणि चादरीची झोळी करून त्याला चिखलातून रस्त्यापर्यंत आणावं लागलं. परतताना टेम्पोत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की दिवसभरात त्याच्याविषयी कुणी एक वाक्यसुद्धा बोललं नव्हतं. त्याची आई तर आलीच नव्हती. सत्तरी ओलांडलेली बाई त्या चिखलात येणार तरी कशी? ज्या माणसाची आठवण काढायची त्याची आईच येऊ शकणार नाही, अशी जागा आम्ही निवडली होती. ते अजून मनाला लागून राहिलंय.

म्हणून पहिलं काम म्हणजे त्याच्या घरी जा. डोंगराचं नंतर. चहा घ्या, बसा, आणि विचारा की आम्ही असं असं करावं म्हणतोय, तुम्हाला चालेल का. वर्षश्राद्धाची तिथी घरच्यांची असते, तिच्यावर दोस्तांनी हक्क सांगू नये. त्या दिवशी घरी गडबड असते, पाहुणे असतात, आणि आपण सॅक पाठीला लावून दारात उभं राहणं बरं दिसत नाही. आपण दिवस वेगळा धरावा, आणि तो त्याच्या जाण्यावरून न ठरवता त्याच्या आवडीवरून ठरवावा. आमचा दोस्त गेला ज्येष्ठात, खरं त्याचा जीव कार्तिकात. पाऊस गेलेला, गवत पिवळं पडायला लागलेलं पण उभं, विहिरी-टाक्यांत पाणी, आणि पहाटे येळ्ळूरच्या भातशेतावर धुकं. आम्ही दिवाळीनंतरचा दुसरा रविवार धरला. तारीख दरवर्षी बदलते, पण सगळ्यांच्या लक्षात राहते, आणि दिवाळीला गावी आलेली मंडळी परत कामावर गेलेली असली तरी एका दिवसासाठी येऊ शकतात.

जागा निवडताना मी आता एकच गोष्ट बघतो. त्याच्या माणसांतलं सगळ्यांत म्हातारं माणूस तिथं पोचेल का? राजहंसगड म्हणजे येळ्ळूरचा गड आम्हाला म्हणूनच सापडला. बेळगावातून पंधराएक किलोमीटर, आणि गडापर्यंत गाडीरस्ता आहे. चालणारे येळ्ळूरहून पायी वर येतात, काकू, म्हणजे त्याची आई, आणि त्यांच्या बहिणी गाडीतून. वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, टेकायला सावली आहे. २०२३ साली शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिल्यापासून रविवारी गर्दी वाढलीय, म्हणून आम्ही सकाळी साडेसहाला गावातून निघतो आणि गर्दी यायच्या आत आमचं वरचं उरकतं. तुमच्या दोस्ताची आवडती जागा अवघड असेल तर तिथं दोघा-तिघांनी वेगळ्या दिवशी जाऊन या. सगळ्यांची म्हणून जी चाल काढायची ती सोपीच ठेवा.

माणसं बारा ते पंधरा, जास्त नको. पंधराच्या पुढं गेलं की घोळके पडतात आणि पुढच्यांचं बोलणं मागच्यांना ऐकू येत नाही. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढं ठेवायचं म्हणजे वेग त्याचा राहतो, आणि वाट माहीत असलेला एकजण शेवटी. ही शेवटची जागा आमच्या दोस्ताची होती. पंचवीस वर्षांत तो कधी पुढं चालला नाही. कुणाची चप्पल तुटली, कुणाला धाप लागली, कुणाची बाटली राहिली, तर मागून येऊन तो हजर. आता प्रत्येक थांब्यावर शेवटचा माणूस बदलायचा असं ठरवलंय. त्याच्या जागेवर प्रत्येकानं थोडं थोडं चालायचं. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मला पुढच्या सगळ्यांच्या पाठी दिसल्या. तो इतकी वर्षं काय बघत चालत होता, ते मला त्या दिवशी समजलं.

पाणी माणशी दोन लिटर, थंडीचे दिवस असले तरी. खाणं त्याच्या आवडीचं: ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, दही. पण ते वहिनींना करायला लावू नका. त्या करतील, नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणूनच लावू नका. आम्ही चार घरांनी भाकरी वाटून घेतल्या आहेत.

आता वर गेल्यावर बोलायचं कसं? शोकसभा नको. माईक नको, हार घातलेला फोटो नको, 'चार शब्द बोला' नको. चार शब्द बोला म्हटलं की माणसं 'मनमिळाऊ होता, दिलदार होता' असलं बोलतात, आणि ते कुणालाही लागू पडतं. त्यापेक्षा आम्ही एक अट घातली. प्रत्येकानं एकच प्रसंग सांगायचा, आणि त्यात जागा आली पाहिजे. कुठला ओढा, कुठला चढ, कुठल्या झाडाखाली. जागा आली की प्रसंग आपोआप खरा होतो. ज्यानं त्याच्याबरोबर एकदाच ट्रेक केलाय त्यानं आधी बोलायचं आणि आमच्यासारख्या जुन्यांनी शेवटी, नाहीतर आमच्या गोष्टींपुढं बाकीचे गप्प बसतात.

पहिल्या वर्षी काकूंना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. त्या तटाजवळ खुर्चीवर बसल्या होत्या, खाली बघत. मग आपणहून हात लांब करून म्हणाल्या, "तो बघ, तो आंबा दिसतोय काय? त्याच्या अलीकडचा बांध. माझ्या भावाचं शेत ते. भात कापायला यायचो आम्ही, तेव्हा ह्याला त्या बांधावर पटकुरात झोपवायची. झोपेतून उठला की रडायचा नाही. इकडं गडाकडं बघत पडायचा." पंचवीस वर्षांत किती वेळा मी त्याच्याबरोबर हा गड चढलो असेन, मला हे ठाऊक नव्हतं. त्यालाही नसेल. त्याच्या डोंगरवेडाची सुरुवात एका बाईला माहीत होती, आणि तिला आम्ही वर्षभर विचारलंच नव्हतं. तेव्हा तुमच्या दोस्ताच्या घरातल्या थोरल्यांना जरूर बोलतं करा, आणि परवानगी घेऊन मोबाईलवर आवाज भरून ठेवा.

त्याच्या वस्तूंचं काय करायचं, हा प्रश्न सगळ्यांपुढं येतो. आमच्याकडं त्याच्या तीन वस्तू होत्या: दोर, बूट आणि वही. दोर आणि बुटाबद्दल मन घट्ट करा. नायलॉनचा दोर वापरला नाही तरी म्हातारा होतो. दोर बनवणारे स्वतःच सांगतात की नुसता पडून राहिला तरी दहा वर्षांपलीकडं त्याच्यावर जीव टांगू नये. दोस्ताचा दोर म्हणून त्याला धरून कुणी कडा उतरू नका. आम्ही तो हातभर लांबीचे तुकडे करून वाटला, प्रत्येकाच्या सॅकला एकेक तुकडा बांधलेला असतो. बुटांचंही तसंच. फोमसारख्या तळव्याचे बूट कपाटात ठेवले तरी आपल्या दमट हवेत तळवा आतून कुजतो आणि एखाद्या दिवशी चालता चालता भुगा होऊन सुटतो. ते आठवण म्हणून ठेवायचे तर ठेवा, त्याच्या पोराला घालून डोंगरावर नेऊ नका.

वही मात्र जपायची. आमच्या दोस्ताची वही मागाच्या हिशेबाची. पुढून उघडली की साड्यांचे आकडे, सुताचा हिशेब, उचल घेतलेले पैसे. मागून उघडली की डोंगर. पानांना मशीनच्या तेलाचे डाग आणि एका पानात लाल सुताचा धागा अडकलेला, तो आम्ही काढला नाही. नोंदी दोन-तीन ओळींच्या. गडाच्या विहिरीत पाणी किती पायऱ्या खाली आहे. जांबोटीच्या पुढं कस्तूर शीळ घालायला कधी लागला. वैजनाथाच्या डोंगरावर कारवी फुललीय का. गव्याची खूर कुठं उमटलेली. एका पानावर नुसतं 'आज धुकं. काहीच दिसलं नाही. छान.' एवढंच.

अशी वही सापडली तर तिचं लॅमिनेशन करू नका, कागद कायमचा अडकून बसतो. आधी दिवसाच्या उजेडात, सावलीत ठेवून, प्रत्येक पानाचा फोटो काढा. पानाच्या अगदी समोर धरून, तिरका नको. दोघांच्या-तिघांच्या फोनमध्ये प्रती ठेवा. मूळ वही कोरड्या सुती कापडात गुंडाळून घरच्यांना परत द्या, ती त्यांची. मग एका नव्या वहीत त्या नोंदी महिन्यांप्रमाणं उतरवा: चैत्रातलं चैत्रात, श्रावणातलं श्रावणात, मग साल कुठलंही असो. हे हातानं लिहायचं. मला चार महिने लागले, रोज रात्री जेवणानंतर अर्धं पान. त्यातून एक फायदा असा झाला की आता प्रत्येक महिन्याला कुठं जायचं ते वही सांगते. माघात तो कुठं असायचा ते बघायचं आणि निघायचं, आणि आल्यावर त्याच पानावर त्याच्या नोंदीखाली आपली नोंद लिहायची.

सगळ्यांत जास्त तो आम्हाला भेटतो तो दिवाळीत, किल्ला करताना. बेळगावात गल्लीगल्लीत पोरं किल्ले करतात हे इकडच्यांना सांगायला नको. आमच्या दोस्ताच्या गल्लीत दरवर्षी किल्ला तोच करून घ्यायचा, पण त्याची अट असायची की जो गड करायचा तो आधी चढून यायचा. नवरात्रात पोरांना घेऊन जायचा. वर गेल्यावर पहिला प्रश्न, "पाणी कुठाय?" गडावर पाणी कुठं साठतं ते कळल्याशिवाय त्या गडाचा किल्ला करायचा नाही. तो गेल्यावर पहिल्या दिवाळीत गल्लीत किल्ला झाला नाही. दुसऱ्या वर्षी पोरंच माझ्या दारात आली, "काका, यंदा आपण करू की."

करायची त्याची रीत अशी. घराच्या पायासाठी कुठं खणकाम चाललं असेल तिथून लाल माती आणायची, खडे चाळून काढायचे. दगड-विटांचा ढीग रचून त्यावर चिखलात बुचकळलेली गोणपाटं टाकायची, म्हणजे मातीला धर मिळतो आणि उतार घसरत नाही. मापाचं त्याचं गणित पक्कं होतं. आडवं आणि उभं माप एकच धरलं तर डोंगर भाकरीसारखा चपटा दिसतो, म्हणून उंची दीडपट ते दुप्पट घ्यायची. उतार बरोबर यावा म्हणून तो मागाचं सूत वापरायचा. पायथ्यापासून वर, दर वीतभर उंचीला डोंगराभोवती आडवी सुतं ताणायची. वरून बघितलं की जिथं खरा चढ उभा आहे तिथं सुतं जवळजवळ येतात, जिथं सपाटी आहे तिथं लांब जातात. पोरांना नकाशातल्या उंचीच्या रेघा अशा त्यानं शाळेच्या आधी शिकवल्या. मोहरी आणि आळीव वसुबारसेच्या आधी चार-पाच दिवस पेरायचे, वर ओलं कापड झाकायचं, दोन वेळा हातानं पाणी शिंपडायचं. पाणी ओतलं की बी वाहून खाली जमतं आणि डोंगर टकला राहतो.

यंदा पोरांनी राजहंसगड केला. मी पितळेच्या भंगारातून लेथवर चार तोफा कातून दिल्या, करंगळीएवढ्या. तटाची जागा दाखवताना एक पोर मला म्हणालं, "काका, आधी विहीर." ते पोर सहा वर्षांचं आहे. त्यानं माझ्या दोस्ताला शेवटचं पाहिलं तेव्हा ते चार वर्षांचं असेल. मला तिथून थोडा वेळ बाजूला जावं लागलं.

तुमच्या दोस्ताचं असं काही असेल, जे तो डोंगराबाहेर, गल्लीत, पोरांमध्ये करत असेल, तर ते आधी चालू करा. मोहिमा वगैरे नंतर.

फलकाबद्दल लोक विचारतात. 'अमुकच्या स्मरणार्थ' म्हणून गडावर संगमरवरी पाटी बसवावी, दगडावर नाव कोरावं. करू नका. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूला धक्का लावला तर १९५८च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, ते एक झालंच. पण कायदा नसता तरी मी नको म्हटलं असतं. आमचा दोस्त गडावरच्या दगडांवर खडूनं लिहिलेली बदाम-बाणाची नावं पाण्यानं घासून काढायचा. त्याचंच नाव तिथं कसं लावायचं?

रानात जायचं असेल तर परवानगीचं बघा. भीमगड अभयारण्यात, हेम्मडग्याच्या बाजूला, वन खात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि पावसाळ्यात धबधब्यांवर अनेकदा बंदी असते. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या, काम लवकर होतं. कोण कोण येणार, वाहन कुठलं, कधी बाहेर पडणार हे स्पष्ट लिहा. मला कन्नड बोलता येतं पण लिहायला जड जातं, तर माझ्या मशीन-शॉपमधल्या एका कन्नड दोस्तानं लिहून दिला आणि मग म्हणाला, "मीपण येतो." आला. त्या रानात अस्वल आहे, गवा आहे, मधूनच हत्ती येतो. संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर.

झाड लावायचं असेल तर माझं मन पूर्ण त्या बाजूनं आहे. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला नंदगडला १८३१ साली फाशी दिली, आणि त्याच्या समाधीवर साथीदारानं लावलेला म्हणून जो वड दाखवतात तिथं लोक अजून जातात. पण झाड लावणं म्हणजे तीन उन्हाळ्यांचं काम आहे, एका रविवारचं नाही. पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी ठरवा, मग रोप आणा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आणि माळावर खड्डे काढू नका. पावसाळ्यात तिथं जी बारीक फुलं येतात त्यांचं ते घर आहे, तिथं झाड नसणंच बरोबर. अकेशिया, नीलगिरी, सुबाभूळ आपल्याकडं पुष्कळ झालेत. जांभूळ, हिरडा, किंजळ, वड असं इथलंच काहीतरी घ्या. वन खात्याच्या रोपवाटिकेत पावसाळ्याच्या तोंडावर रोपं स्वस्तात मिळतात.

आम्ही जांभूळ लावलं, त्याच्या मामांच्या त्याच बांधावर. खड्डा दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल, मे महिन्यात काढून उन्हात तापू दिला. मृगाचा पाऊस नीट लागल्यावर, जमीन वीतभर ओली झाल्यावर रोप लावलं. काकूंनी त्याची थोडी रक्षा जपून ठेवली होती, ती खड्ड्यात घालायची त्यांची इच्छा. रक्षा खारट आणि चुनखडीसारखी असते, जास्त झाली तर मुळं करपतात, म्हणून एक मूठ शेणखतात चांगली कालवून खड्ड्याच्या तळाला घातली, बाकीची मलप्रभेत. भोवतीनं करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलं, नाहीतर पहिल्याच आठवड्यात शेळ्यांनी खाल्लं असतं.

पाण्यासाठी दहा लिटरचं साधं भाजलेलं मातीचं मडकं बुंध्यापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरलंय. तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात. वात मागाच्या सुताचीच, वहिनींनी पिळून दिली. वर ताट झाकायचं, नाहीतर डास होतात. उन्हाळ्यात हे मडकं भरलं की साधारण आठवडा निघतो. शनिवारी शॉप सुटलं की मी येळ्ळूरला जातो, मामांच्या विहिरीवरून दोन कळशा आणतो. ह्या मार्चमध्ये जांभळाला तांबूस पालवी फुटली, वितीएवढी. ती मी वहीत फाल्गुनाच्या पानावर लिहिली, त्याच्या नोंदीखाली.